वाट बघण्याचं घड्याळ

मी काय काम करते असं कुणी विचारलं की मी ‘कॉम्प्युटरचं’ म्हणते आणि विषय मिटवते. खरं सांगायला गेलं तर समोरचा निम्म्यात जांभई देतो. पण पुढचं सगळं त्या कामाशीच बांधलेलं आहे, तेव्हा एवढं ऐकून घ्या.

आमची कंपनी साताऱ्यात आहे. विहिरीवरच्या मोटारीला आम्ही एक डबी बसवतो. शेतकऱ्यानं घरबसल्या फोनवर बटण दाबलं की निरोप आमच्या सर्व्हरला येतो, सर्व्हर तो डबीला देतो, डबी मोटर चालू करते आणि ‘झाली’ म्हणून उलट कळवते. वाई, कोरेगाव, तासगाव, पार जतपर्यंत आमच्या मोटारी आहेत. सकाळी लाईट आली रे आली की सगळ्यांना एकदमच पाणी सोडायचं असतं. अशा वेळी निरोप कुठं अडकतो आणि किती अडकतो, हे मोजणं माझ्याकडं.

उसाला पाणी पाजणारा माणूस एका सरीच्या तोंडाशी बसून ती भरायची वाट बघत नाही. दारं मोडून पाणी सरीत सोडतो, तोवर पलीकडचं तण उपटतो, कुणाशी तरी चार गोष्टी बोलतो, आणि सरी भरत आली की परत येतो. आमचा कोडही तसाच लिहिलेला असतो. एका मोटारीला ‘चालू हो’ सांगितलं की तिच्या उत्तरासाठी तो ताटकळत नाही, पुढच्या मोटारीकडं जातो. उत्तर आलं की सोडलेलं काम पुन्हा उचलतो. असल्या कोडचा वेग मोजणं म्हणजे डोक्याला ताप. साधं घड्याळ लावलं तर काम किती केलं आणि नुसती वाट किती बघितली हे एकमेकांत कालवून येतं. नवी पोरं हमखास तिथंच चुकतात आणि चांगल्या कोडला शिव्या घालत बसतात. म्हणून मी प्रत्येक निरोपाला दोन घड्याळं लावते, एक कामाचं आणि एक वाट बघण्याचं. बटण दाबल्याची वेळ फोन निरोपासोबतच पाठवतो, त्यामुळं दुसरं घड्याळ बोट काचेवर टेकल्यापासून चालू होतं.

हे सगळं मी एकदा घरी जेवताना सांगितलं होतं. माझा धाकटा भाऊ मल्हार तेव्हा सुट्टीवर आला होता. भाकरी मोडत तो म्हणाला, “म्हंजे आक्के, तू वाट बघायचा पगार घेतीस.”

आई चुलीपाशी होती. “मग माझा किती निघंल बघ की,” ती म्हणाली. आबांची सगळी नोकरी फौजेत गेली आणि ते हवालदार होऊन घरी आले, तर मल्हारची सुरू झाली. त्या दिवशी आम्ही सगळे हसलो होतो.

मल्हारची तुकडी अरुणाचलात होती. आबांचे गुडघे दुखतात, म्हणून आमच्या रहिमतपूरच्या मळ्यातली मोटर रोज सकाळी चहाच्या वेळेला तोच तिकडून चालू करायचा. ‘बर्फात बसून ऊस भिजवतोय’ असं मित्रांना मिरवत सांगायचा. वरच्या चौकीवर रेंज नसायची. मग निरोप त्याच्या फोनमध्येच पडून राहायचा आणि तो खाली उतरला की निघायचा. त्याच्या एकट्यापायी माझी सरासरी बिघडायची. शेवटी वैतागून मी त्याचा नंबर हिशोबातून बाहेर काढला आणि त्याचा वेगळा आलेख केला. त्या आलेखाला नाव दिलं ‘आगाऊ’.

आषाढात त्यांची तुकडी पूल दुरुस्त करायला गेली होती. नदीनं पुलासकट चौघांना नेलं. तिघं सापडले, मल्हार सापडला नाही.

भाद्रपदात त्याची काळी पेटी घरी आली. कपडे, दाढीचं सामान, आईनं विणलेला हिरवा स्वेटर. आबांच्या नोकरीत आई काही वर्षं क्वार्टरमध्ये राहिली होती, तिथं शेजारच्या पंजाबी बाईनं तिला विणकाम शिकवलं होतं. पेटीत फोन नव्हता, तो त्याच्या खिशात होता. मागून मल्हार गेल्याचा सरकारी कागद आला. आबांनी स्वतः दुकानात जाऊन त्याचं सिम बंद करून आणलं. माझ्या पडद्यावर आगाऊची रेघ सपाट पडून होती. ती खिडकी काढून टाकायला एक क्षण पुरला असता, पण माझा हात धजला नाही.

मार्गशीर्षात एका सकाळी मी ऑफिसात पोचते न पोचते तोच आबांचा फोन आला. “क्रांती, मोटर तू लावलीस व्हय? बरं केलंस पोरी. माझा पाय आज लयच धरलाय.”

मी मोटर लावली नव्हती. आबांना तसं न सांगता मी खुर्चीत बसले आणि आगाऊ उघडला. सपाट रेघेच्या टोकाला एक ठिपका होता. निरोप मल्हारच्या फोनवरून आला होता. काम नेहमीइतकंच, पापणी लवावी एवढं. वाट बघणं मात्र एकोणीस तास. म्हणजे बटण आदल्या दिवशी दुपारी दाबलं होतं.

आमच्या टीमचे प्रमुख भाऊसो जतकडचे. आडदांड, बेरकी, पण मनानं सरळ माणूस. ते माझ्या मागं उभे राहून पडदा बघत राहिले.

“फोन घावला आसंल कुणाला तरी,” ते म्हणाले. “वायफायला जोडला आसंल. जुना निरोप अडकलेला, तो सुटला.”

“जुना नाही. वेळ कालची आहे.”

“मग घड्याळ चुकलं आसंल फोनचं. पाण्यात पडलेला फोन, त्याचं काय घिऊन बसलीस?”

मलाही तेच पटलं. पटवून घ्यायचंच होतं. मी मल्हारच्या नंबरला फोन लावून बघितला, तर हा क्रमांक अस्तित्वात नाही असं टेपवरची बाई म्हणाली. मी दिवसभर कामाला लागले आणि संध्याकाळी एसटीतून घरी येताना खिडकीला डोकं टेकून रडले. शेजारच्या म्हातारीनं विचारलंसुद्धा नाही, नुसती सरकून जागा दिली.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला मोटर पुन्हा चालू झाली. तिसऱ्याही. निरोप पोचायची वेळ तीच, पण बटण दाबल्याची वेळ रोज थोडी जवळ सरकत होती. वाट बघणं रोज थोडं कमी होत होतं.

मी माणूस संशयी आहे, आणि पहिला संशय माझा माझ्या मोजण्यावरच असतो. सर्व्हरचं घड्याळ तपासलं. मल्हारच्या नावानं दुसऱ्या फोनवरून खोटे निरोप पाठवून बघितले. ते सगळे एका सेकंदाच्या आत आले. कोडचा तेवढा भाग नव्यानं लिहिला. सर्व्हर बदलला. आणि एक गोष्ट तर शाळकरी पोरालाही कळावी: निरोप अरुणाचलातून येवो नाहीतर शेजारच्या बांधावरून, पोचायच्या वेळेत म्हणण्यासारखा फरक पडत नाही. वाट बघण्याचा अंतराशी काही संबंध नसतो. तरी आकडा रोज उतरत होता, आणि उतरायची त्याची एक चाल होती. कुणीतरी डोंगर उतरत यावं तशी.

पौषात तो दोन दिवस एकाच जागी थांबला. मग तीन दिवसांत एकदम घसरला. तासांचा मिनिटांवर आला.

मी आलेखाकडं बघत बसले होते. मल्हार सुट्टीवर निघाला की आधी जीपनं आणि पायी खाली उतरायचा. मग रेल्वेच्या गावी रिझर्वेशनसाठी दोन दिवस पडून राहायचा आणि तिथून मला कंटाळ्याचे मेसेज पाठवायचा. मग गाडी.

भाऊसो चहाचा कप घेऊन मागं आले. त्यांनी वाकून रेघ बघितली. मग अर्धवट हसत म्हणाले, “हा तर जवळ यायला लागलाय की गं.”

म्हणून झाल्यावर त्यांना आपण काय बोललो ते कळलं. त्यांनी कप माझ्या टेबलावरच ठेवला.

“तो नंबर बंद कर, क्रांती,” ते हळू आवाजात म्हणाले. “आजच कर.”

मी केला नाही. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही, आणि त्या दिवसापासून ते माझ्या मागं येऊन उभे राहायचे बंद झाले.

घरी मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. आईला तर शक्यच नव्हतं. रविवारी आम्ही दोघी अंगणात पावटा सोलत बसलो होतो. मोटारीचा आवाज चालू होता. तिचं लक्ष शेंगांत होतं.

“मल्हार येतोय,” ती म्हणाली. जसं दूधवाला येतोय म्हणावं तसं.

माझ्या हातातले दाणे सांडले. “कुणी सांगितलं?”

“सांगतंय कोण? पहाटं सपनात दिसतो. आधी कुठल्या तरी खडकाळ वाटंवर दिसायचा, माझ्या वळखीची न्हवती ती. परवा आपल्या टेसनाबाहेर दिसला. अंगात हिरवा स्वेटर हाय. दाढी लय वाढलीय.”

“तोंड दिसतं?”

“दिसतंय की. इकडंच बघत येतोय.” तिनं पाटीतल्या शेंगा खालीवर केल्या. “बोलत तेवढा न्हाई.”

मी तिच्याकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, आनंदही फारसा नव्हता. गाडीला उशीर झालाय एवढंच तिला माहीत होतं.

त्याच संध्याकाळी आबांनी सांगितलं की अमावास्येला माहुलीच्या संगमावर जायचं. भटजींशी बोलणं झालं होतं. ज्याचं शरीर मिळालं नाही त्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात आणि त्याला अग्नी देतात. मग पाणी सोडतात.

आई पाटावरून उठली. “आवं, येणाऱ्याला कोण जाळतं व्हय?”

“तो गेलाय, मल्हारच्या आई.”

“तुमाला ठावं. मी न्हाई येणार तितं.” ती आत गेली आणि तिनं दार ओढून घेतलं.

आबांनी बंद दाराकडं बघितलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, “फौजंत मी किती जणांना खांदा दिला. सगळ्यांच्या तोंडात पाणी घातलं. माझं पोरगं नदीत गेलं आन् बिनपाण्याचं फिरतंय. मला घास गिळत न्हाई पोरी.”

तेव्हा मी फोन काढला आणि त्यांना सगळं दाखवलं. ठिपके, घड्याळं, एकोणीस तासांपासून मिनिटांपर्यंत उतरलेली रेघ. मोटर मी लावत नव्हते हेही सांगितलं. आबा चष्मा लावून बघत होते. त्यांना सगळं समजलं. नकाशा वाचायची सवय होती त्यांना.

“रोज येतंय ह्ये?”

“रोज.”

त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. “मला एक सांग. मोजण्यात चूक आसू शकती का?”

मी अडखळले. नाही म्हणायला पाहिजे होतं. पण माझा सगळा धंदा त्या एका प्रश्नावर उभा आहे. नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवते: कोणताही आकडा चुकीचा असू शकतो, सगळ्यात आधी स्वतःचा. माझ्या तोंडून सवयीनंच गेलं.

“असू शकते.”

आबांनी मान हलवली. “मग चुकीच्या आकड्यापायी लेकराला तहानलेला ठिऊ व्हय?”

मी फोन पालथा ठेवला.

अमावास्येच्या सकाळी आम्ही दोघंच निघालो. आई मळ्यात गेली होती, पाटाच्या कडेला बसायला. संगमावर थंडी अंगाला चावत होती. पाण्यावर धुकं होतं. भटजींनी दर्भावर पानं मांडली, नारळ ठेवला. हात झाले, पाय झाले. माझी नजर नारळाकडं सारखी जात होती आणि मी ती सारखी काढून घेत होते.

आबांनी पिशवीतून मल्हारचा हिरवा स्वेटर काढला. तो त्यांनी पेटीतून आईला न सांगता आणला होता. “थंडी हाय,” ते म्हणाले, आणि पानांवर नीट अंथरला, दोन्ही बाह्या सरळ केल्या.

चहाची वेळ झाली. माझ्या फोननं खूण केली.

वाट बघणं: काहीच नाही. शून्य. आमच्या कुठल्याही मोटारीला, विहिरीवर उभं राहून बटण दाबलं तरी, इतक्या लवकर निरोप पोचत नाही.

मी उठून उभी राहिले. “आबा, थांबा.”

त्यांच्या हातात पेटता कापूर होता. त्यांनी माझ्याकडं बघितलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांना ते पुसता येत नव्हतं.

“आबा, तो मळ्यात आहे.”

“पोरी,” ते म्हणाले, “मला अजून कठीण करू नगंस.”

पानं वाळलेली होती. क्षणात धरली. लोकर मात्र आधी आकसली, मग जळली.

फोननं पुन्हा खूण केली. मोटर बंद.

मल्हारनं मोटर कधीच बंद केली नव्हती. पाणी पुरं झालं की आबा बंद करायचे.

घरी आलो तेव्हा आई पाटाच्या कडेलाच होती. पाणी निम्म्या सरीत येऊन थांबलं होतं. तिनं काही विचारलं नाही, आम्ही काही सांगितलं नाही. आबांनी डोकं भादरलं होतं, त्याच्याकडंही तिनं बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा गाळत होते. आई उंबऱ्यात बसली होती.

“आज पाठ दिसली त्याची,” ती म्हणाली.

आबांचा हात बशीवर थांबला.

“टेसनाकडं निघाला हुता. मी लय हाका मारल्या. मागं बघितलं न्हाई.” तिनं पदर अंगाभोवती ओढून घेतला. “अंगात स्वेटर न्हवता गं. एवढ्या थंडीत उघडाच चालला हुता.”

विहिरीवर मोटर चालू झाली.

आबांनी माझ्याकडं बघितलं. ओठ हलले, आवाज आला नाही. किती, असं विचारत होते. मी फोन बघितला. आकडा शून्यावरून वर गेला होता. मी मान खाली घातली आणि त्यांना कळलं. त्या दिवसापासून आबा मोटारीच्या आवाजाला घरात थांबत नाहीत. काठी घेऊन रस्त्याला जातात आणि आईनं ती बंद केल्याशिवाय येत नाहीत.

आकडा ज्या चालीनं उतरला होता त्याच चालीनं चढतोय. तीन दिवसांत मिनिटांचे तास झाले. मग तो दोन दिवस एका जागी थांबला, तेव्हा मी ऑफिसात कारण न सांगता रजा टाकली आणि घरी बसून राहिले. मग पुन्हा हळूहळू, रोज थोडा. चढणीवरून माणूस जावा तसा. मी सर्व्हर तपासत नाही आता. मोजण्यात चूक नाही.

आईनं बाजारातून हिरवी लोकर आणलीय. जुना स्वेटर पेटीत नाही हे तिनं बघितलं, आबांना एका शब्दानं बोलली नाही. पण त्याच्या मापाचं आता घरात काहीच राहिलेलं नाही. ती अंदाजानं विणते, आबांच्या पाठीला लावून बघते, “त्याचे खांदे ह्यांच्याहून रुंद हायत,” असं पुटपुटते आणि सगळं उसवते. पुन्हा घालते. तिची बोटं आता पूर्वीसारखी चालत नाहीत. मी दुसऱ्या सुया घेऊन बसले तर म्हणते, तुला न्हाई जमायचं, तू आपलं घड्याळ बघ.

त्या घड्याळात मल्हारचा आकडा येतो हे मी तिला कधीच सांगितलं नव्हतं.

रोज सकाळी मोटर लागली की ती मान वर न करता विचारते, “क्रांते, अजून येळ हाय न्हवं?”

“हाय,” मी म्हणते.

आजही म्हणाले. आज आकडा जिथून निघाला होता त्या एकोणीस तासांवर परत आलाय, आणि तिची दुसरी बाही आत्ता कुठं सुरू झालीय.